सावली नाहीशी होते तेव्हा

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या मे महिन्यातील दहा तारीख. दुपारचे साडेबारा वाजत आले होते. दाभोळच्या धक्क्यावर मी एक वल्हे सरळ उभे धरून उभी होते. पलीकडे धोपाव्याला जाणारी फेरीबोट सुटण्याच्या बेतात होती. बोटीची वाट पाहणाऱ्या एका काकांना राहवले नाही. "काय गो, वल्हं धरून कोणाची वाट बघतेस?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "सावली जायची वाट बघतेय, काका." ते हसले. परंतु थोड्याच वेळात वल्ह्याची सावली खरोखरच आखडत आखडत बुडख्याशी आली आणि दिसेनाशी झाली. काकांनी स्वतःच्या पायांकडे पाहिले. त्यांचीही सावली त्यांच्या पायांखाली गेली होती.

हा चमत्कार नव्हे. आमच्या भूगोलाच्या सरांनी वर्गात तो समजावून दिला होता. दाभोळ सुमारे साडेसतरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दहा तारखेच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही अगदी आपल्या डोक्यावर येतो. आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून बरेच पश्चिमेला असल्यामुळे आपली मध्यान्ह घड्याळात बारा वाजता न होता साडेबाराच्या सुमारास होते. ऑगस्टमधली शून्य सावली ढगांमुळे कोणाला दिसत नाही. मेमधली मात्र चुकत नाही.

सावली गेली तेव्हा माझी आई तेथून हाकेच्या अंतरावर खळ्यावर बसून जवळा पसरत होती. डोक्यावर फक्त पदर. एक जूनपासून मासेमारी बंद होते, म्हणून मे महिन्यात मासळी सुकवण्याची घाई असते. जितके ऊन कडक, तितका माल चांगला. सूर्य आमचा अन्नदाता आहे हे मी जन्मल्यापासून पाहते आहे. परंतु तोच सूर्य माझ्या घरातल्या माणसांचे काय करतो, हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत नीट पडलाच नव्हता. तो पडल्यावर मी ग्रंथालयात जे वाचले आणि प्राध्यापकांना विचारून जे समजून घेतले, ते या लेखात मांडत आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. विज्ञानाच्या मित्रांनी चूकभूल द्यावी घ्यावी.

न दिसणारे ऊन

आपण ऊन म्हणतो ते एक नसून तीन आहेत. एक दिसते, एक भासते आणि एक ना दिसते ना भासते. १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे काहीच दिसत नव्हते तेथे, तापमापक ठेवला. पारा चढला. ही अवरक्त किरणे, म्हणजे उन्हाची धग. पुढच्याच वर्षी, १८०१ साली, जर्मनीतील योहान रिटर याने पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, जांभळ्या रंगाच्या पलीकडे, सिल्व्हर क्लोराइड ठेवले. ते दिसणाऱ्या रंगांपेक्षाही तेथे जलद काळे पडले. ही अतिनील किरणे. त्वचेला भाजणारी, रापवणारी आणि कालांतराने बिघडवणारी किरणे मुख्यत्वे हीच.

हे दोन शोध एकत्र ठेवले की किनाऱ्यावरच्या माणसाची नेहमीची चूक लक्षात येते. आपण ऊन मोजतो ते धगीवरून. खाडीवर वारा सुटला की "आज ऊन नाय" असे आपण म्हणतो. पण वाऱ्याने धग कमी होते, अतिनील किरणे नाही. पातळ ढगांतूनही त्यांचा बराच मोठा भाग खाली येतो. वाळूवरून पडणाऱ्या किरणांपैकी सुमारे १५ टक्के आणि लाटांच्या फेसावरून सुमारे २५ टक्के परत उसळतात. म्हणूनच होडीत वा वाळूवर बसलेल्या माणसाला ऊन वरून लागते तसे खालूनही लागते.

अतिनील किरणांचेही तीन वर्ग आहेत: अ, ब आणि क. क वर्गातील किरणे सर्वांत घातक. पण वातावरणाच्या वरच्या थरातील ओझोन ती पूर्णपणे गिळतो. ब वर्गातील बरीचशी अडतात, थोडी खाली येतात. अ वर्गातील जवळजवळ सगळी येतात. सूर्य कलता असेल तर किरणांना वातावरणातून लांबचा तिरपा प्रवास करावा लागतो आणि वाटेत ब किरणे गळतात. सूर्य डोक्यावर असला की वाट सर्वांत जवळची. त्यातच विषुववृत्ताकडच्या प्रदेशांवर ओझोनचा थर ध्रुवांकडच्यापेक्षा पातळ असतो. म्हणजे ज्या क्षणी माझ्या वल्ह्याची सावली नाहीशी झाली, तो या किरणांच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत तीव्र क्षणांपैकी एक होता. जागतिक आरोग्य संघटनेने या किरणांच्या तीव्रतेसाठी एक निर्देशांक ठरवला आहे. अकरा व त्यावरील आकड्याला ती 'अतितीव्र' म्हणते. कोकणात एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी तो अकराच्या वर जातो.

आपल्या देशात सूर्यकिरणांचे मोजमाप पद्धतशीर सुरू झाले त्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. भारतीय हवामान खात्याच्या पुणे येथील कार्यालयात अॅना मणी या शास्त्रज्ञ विदुषीने १९४८ पासून उपकरणे बनवण्याचे आणि देशभर सौर प्रारण मोजणारी केंद्रे उभारण्याचे काम केले. ओझोन मोजणारे भारतीय उपकरणही त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाले. १९८० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा सौर प्रारणाच्या आकडेवारीचा ग्रंथ अभियंत्यांना आधारभूत ठरला. ज्या काळात मुलींनी विज्ञान शिकणे हेच नवल होते, त्या काळात एका स्त्रीने अख्ख्या देशाचे ऊन मोजले, हे वाचून मला फार धीर आला.

कातडीतली छत्री

ब किरणे त्वचेच्या पेशीत शिरली की तेथील केंद्रकात असलेल्या डीएनए या आनुवंशिक धाग्यावर आघात करतात. धाग्यातले शेजारशेजारचे दोन दुवे नको तेथे एकमेकांना चिकटतात. जाळ्याच्या दोन गाठी एकमेकींत अडकाव्यात, तसे. पेशीकडे जाळे दुरुस्त करणारी यंत्रणा असते आणि ती बहुतेक गाठी सोडवते. परंतु रोज नव्या गाठी पडत राहिल्या तर काही राहून जातात. वर्षानुवर्षे साठतात आणि त्यांतूनच कधी कर्करोग उद्भवतो. अ किरणे अधिक खोल जातात, त्वचेला ताण देणारे तंतू सैल करतात. सुरकुत्या लवकर पडतात त्या यामुळे. खिडकीच्या साध्या काचेतून ब किरणे फारशी येत नाहीत, पण अ किरणे येतात.

यावर निसर्गाने स्वतःच एक उपाय केला आहे. त्वचेतील काही खास पेशी मेलॅनिन नावाचे काळसर रंगद्रव्य तयार करतात. त्याचे कण शेजारच्या पेशींत जातात आणि केंद्रकाच्या बरोबर वर, सूर्याच्या बाजूला, टोपीसारखे जमून बसतात. प्रत्येक पेशीची स्वतंत्र छत्रीच म्हणा ना! १९७९ साली अमेरिकेत केलेल्या मोजणीत असे आढळले की गडद काळ्या त्वचेच्या वरच्या थराचे ब किरणांपासूनचे संरक्षण सुमारे तेरा पट, तर गोऱ्या त्वचेचे तीन-साडेतीन पट असते. आपण बहुतेक जण या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहोत.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. ज्या रंगावरून मला शाळेत हाका मारल्या गेल्या, ज्या रंगावरून ताईची दोन स्थळे मोडली, तो रंग म्हणजे आमच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या उन्हात राहून मिळवलेले चिलखत आहे!

खानोलकरांचे धोतर

मग आपल्याला उन्हामुळे त्वचेचा कर्करोग होतच नाही काय? येथे एका मराठी संशोधकाची गोष्ट सांगितली पाहिजे. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ. १९४५ साली त्यांनी डॉ. सूर्याबाई यांच्यासह एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. लोकांच्या चालीरीती आणि कर्करोग यांचा संबंध त्यात तपासला होता. त्यांना धोतर नेसणाऱ्यांच्या कमरेवर त्वचेचा एक कर्करोग आढळला. ज्या जागी धोतर वर्षानुवर्षे घट्ट कसले जाते, कातडी सतत घासली जाते, नेमकी तीच ही जागा. काश्मिरात थंडीसाठी पोटाशी धरलेल्या कांगडीमुळे पोटावर होणारा कर्करोग डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत होता; धोतराचा हा प्रकार नवा होता. पुढे साडीच्या आत परकराची नाडी घट्ट बांधणाऱ्या स्त्रियांतही असेच रुग्ण आढळले. २०२४ साली वर्ध्याच्या डॉक्टरांनीही अशा रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली.

यातून निघणारा बोध मोलाचा आहे. आपल्याकडे त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांच्या मानाने पुष्कळच कमी आणि जो होतो तो पुष्कळदा ऊन न लागणाऱ्या जागी. मेलॅनोमा हा त्यातला सर्वांत घातक प्रकार सावळ्या लोकांत बहुधा तळपायावर, तळहातावर वा नखाखाली उमटतो. म्हणून तळपायावरचा वाढत जाणारा काळा डाग वा न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवणे, हा सल्ला अनवाणी चालणाऱ्या आपल्या लोकांना कोणत्याही मलमापेक्षा अधिक उपयोगाचा आहे. परदेशातील सल्ला जसाच्या तसा उचलून चालत नाही. आपल्या माणसांकडे पाहून शोध घ्यावा लागतो, हे खानोलकरांनी तेव्हाच दाखवून दिले.

पण कर्करोग कमी म्हणजे ऊन निरुपद्रवी असे नव्हे. आपल्या लोकांवर उन्हाचा मार वेगळ्या ठिकाणी पडतो. माझ्या आईच्या दोन्ही गालांवर वांगाचे काळपट चट्टे आहेत. वांगाला बाळंतपण, शरीरातील संप्रेरके अशी इतर कारणे असतात. ऊन ते गडद करते. कित्येकांना उन्हाळ्याच्या सुरुवातीला हातांवर, मानेवर खाजणारे पुरळ उठते, तेही उन्हाचेच.

सर्वांत मोठा मार डोळ्यांवर. माझे वडील खलाशी. पन्नाशीतच त्यांचा मोतीबिंदू काढावा लागला. वय झाले नसताना हे कसे, असे आम्हाला वाटले होते. याचे उत्तर मला अमेरिकेतील कोळ्यांच्या एका अभ्यासात सापडले. मेरीलँड राज्यातील चेसापीक उपसागरात खेकडे आणि कालवे पकडणाऱ्या ८३८ जणांची तपासणी करून १९८८ साली तेथील डॉक्टरांनी निष्कर्ष काढला, की आयुष्यभरात डोळ्यांवर पडलेली ब किरणे दुप्पट झाली तर एका प्रकारच्या मोतीबिंदूचा धोका सुमारे दीडपटीहून अधिक होतो. वडिलांचा मोतीबिंदू उन्हानेच झाला असे मी म्हणणार नाही. मोतीबिंदूला कारणे अनेक. पण तीस वर्षे पाण्यावर काढलेल्या माणसाला कोणी कधी काठाची टोपी वापरा एवढेही सांगितले नव्हते, हे खरे.

मलमाची कहाणी

आता सनस्क्रीनकडे वळू. फ्रान्झ ग्राइटर हा ऑस्ट्रियातील रसायनशास्त्राचा विद्यार्थी १९३८ साली पिझ ब्युइन हे आल्प्समधील शिखर चढताना उन्हाने चांगलाच भाजला. त्यातून त्याने पुढे १९४६ साली एक मलम बाजारात आणले. मलमाची ताकद मोजण्याचे 'एसपीएफ' हे माप रूढ करण्याचे श्रेयही १९७४ पासून त्यालाच दिले जाते. मलम न लावता त्वचा लाल व्हायला जितकी किरणे लागतात, त्याच्या किती पट किरणे मलम लावल्यावर लागतात, तो हा आकडा. १५ आकड्याचे मलम भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९३ टक्के अडवते, ३० चे ९७ टक्के आणि ५० चे ९८ टक्के. म्हणजे आकडा वाढतो तितका फायदा वाढत नाही. शिवाय हा आकडा मुख्यत्वे ब किरणांचा. अ किरणांसाठी बाटलीवर 'पीए' आणि पुढे अधिक चिन्हे असतात, ती पाहावीत.

मलमात दोन प्रकारची द्रव्ये असतात. काही सेंद्रिय रसायने किरणे शोषून त्यांची उष्णता करतात. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही खनिजे किरणे परावर्तित करतात असे सर्वत्र लिहिलेले असते; परंतु अलीकडच्या मोजणीनुसार तीही मुख्यतः शोषणच करतात. वांगासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. सावळ्या त्वचेला दिसणारा प्रकाशही काळवंडवतो आणि तो अडवण्यासाठी लोह ऑक्साइड असलेले, मातकट रंगाचे मलम लागते. पांढरे मलम तेथे पुरे पडत नाही.

मलमाचा खरोखर उपयोग होतो काय? याचा सर्वांत भक्कम पुरावा ऑस्ट्रेलियातील नंबूर या गावाने दिला. १९९२ साली तेथील १,६२१ लोकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. एका गटाला रोज मलम लावायला दिले. दुसऱ्याने आपल्या मर्जीप्रमाणे वागायचे. साडेचार वर्षांनी पाहता रोज लावणाऱ्यांत त्वचेचा एका प्रकारचा कर्करोग सुमारे ४० टक्के कमी आढळला. पुढे अनेक वर्षे लक्ष ठेवून २०११ साली जाहीर झाले, की रोज लावणाऱ्या गटात ११ जणांना नवा मेलॅनोमा झाला, तर दुसऱ्या गटात २२ जणांना. अर्थात ते लोक बहुतांशी गोरे होते, हे विसरता कामा नये.

मलमावर आक्षेपही आहेत. २०१९ साली अमेरिकेत दिसून आले की भरपूर मलम लावल्यास त्यातील काही रसायने रक्तात उतरतात. त्याने अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही, पण अधिक तपास हवा असे तेथील औषध प्रशासनाने म्हटले. पोवळ्यांना धोका होतो म्हणून हवाई बेटांनी दोन रसायने असलेल्या मलमांची विक्री २०२१ पासून बंद केली. मालवणच्या समुद्रातही पोवळी आहेत, हे पर्यटकांनी ध्यानात ठेवावे.

आजी म्हणते, "खोबरेल लाव, बाकी काय नको." २०१० साली रायपूरच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत खोबरेल तेलाचा आकडा सुमारे आठ काढला होता. पण ती मोजणी यंत्रात द्रावण ठेवून केलेली, माणसाच्या कातडीवर नव्हे. तेव्हा खोबरेलाने कातडी मऊ राहते यात शंका नाही. दुपारच्या उन्हात त्याच्यावर विसंबू नये.

आमच्या घरचा हिशेब

शिष्यवृत्तीच्या पैशांतून मी आईसाठी पन्नास ग्रॅमची एक ट्यूब आणली. तिची किंमत आईच्या एका दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त होती. आकडा मोजताना प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम मलम लावतात. म्हणजे चेहरा व मान यांना मिळून दोन बोटांच्या लांबीइतके, साधारण एक ग्रॅमहून थोडे अधिक. घाम येतो म्हणून दर दोन तासांनी पुन्हा. या हिशेबाने सकाळ-दुपार दोनदाच लावले तरी ट्यूब तीन आठवड्यांत संपते आणि हात-पाय उघडेच राहतात. आईने ट्यूब हातात घेतली, किंमत विचारली आणि परत माझ्या हातात दिली. "एवढ्यात दोन टोप्या येतील," ती म्हणाली.

मला राग आला होता. नंतर वाचले तेव्हा कळले, की तिचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. २०१३ च्या एका मोजणीत काळ्या छत्र्यांनी ९० टक्क्यांहून अधिक अतिनील किरणे अडवली. घट्ट विणीचे, गडद रंगाचे, सैल कापड उत्तम. पातळ पांढरे सुती कापड, त्यातही ओले, फारच कमी. मात्र एकट्या छत्रीवर भागत नाही. २०१७ साली टेक्सासमधील एका सरोवराकाठी काही लोकांना साडेतीन तास नुसत्या छत्रीखाली आणि काहींना नुसते मलम लावून बसवले. छत्रीखालच्यांपैकी ७८ टक्के लोक भाजले, मलमवाल्यांपैकी २५ टक्के. वाळूवरून उसळणारे ऊन छत्री अडवू शकत नाही. म्हणून कापड, टोपी, सावली हे आधी. आणि उघड्या राहिलेल्या जागेला परवडेल तेवढे मलम.

याउलट ताईची गोष्ट. लग्न ठरायच्या आधी तिने एका दुकानातून 'गोरे करणारे' मलम आणले. महिनाभर चेहरा उजळला. मग मलम थांबवताच तोंड लाल झाले, आग होऊ लागली, पुरळ उठले, उन्हात पाऊल टाकवेना. डॉक्टरांनी सांगितले, त्यात स्टिरॉइड होते. त्याने कातडी पातळ झाली. अशी १४ स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला आहे. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही आणि आम्हालाही ती मागायची असते हे ठाऊक नव्हते. ज्या रंगाने तिला उन्हापासून राखले असते, तो घालवण्यासाठी आम्ही पैसे मोजले!

काय करावे?

ऊन टाळून घरात बसावे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. हाडांना लागणारे ड जीवनसत्त्व कातडीत याच ब किरणांमुळे बनते आणि इतके ऊन असूनही आपल्या देशात त्याची कमतरता सर्वत्र आढळते. सावळ्या त्वचेला ते बनवायला अधिक वेळ लागतो. शिवाय आमच्या लोकांना ऊन टाळणे शक्यही नाही. प्रश्न आहे तो किती आणि केव्हा, एवढाच.

त्यासाठी घड्याळ नको, यंत्रही नको. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर किरणे सौम्य. आखूड असेल तर तीव्र. नाहीशी झाली तर सर्वांत तीव्र. निरक्षर माणसालाही वापरता येईल असे हे साधन पायाशीच असते. यंदा आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात ही खूण किनाऱ्यावरच्या गावांत भिंतींवर रंगवावी, आणि मासळी सुकवण्याच्या जागेशेजारी स्त्रियांना बसून निवड करता येईल असा एक तरी झावळ्यांचा मांडव उभारावा, अशी माझी विनंती आहे. मासळीला ऊन हवे, ती निवडणाऱ्या हातांना नको.

आमच्या घरी बदल झाले ते लहान. वडील काठाची टोपी आणि चष्मा घालून बोटीवर जातात. सोबतचे खलाशी त्यांना 'साहेब' म्हणून चिडवतात. ताईचा चेहरा हळूहळू सुधारतो आहे. आई माल पहाटे पसरते आणि सावली आखूड झाली की भिंतीच्या कडेला येऊन बसते. ती ट्यूब मी वाया घालवली नाही. आई ती रोज सकाळी फक्त गालांना लावते. "तुझ्या कॉलेजाचे पैसे आहेत," असे म्हणते आणि थोडे बोटावर उरले तर ते माझ्या नाकाला पुसते.